तिकीट, नजराणा आणि वक्फ

बासी ईदचा दिवस होता. घरातली सहा मोठी माणसे आणि पाच पोरे असा आमचा काफिला एका जिल्ह्याच्या गावी वस्तुसंग्रहालयाच्या दाराशी पोचला. पोरांना तलवारी पाहायच्या होत्या. बायकांना शीरखुर्म्याच्या पातेल्यांपासून सुटका हवी होती. तिकीट काही फार नव्हते. तरी खिडकीशी उभे राहिल्यावर हिशेब सुरू झालाच. रिक्षाचे इतके, पोरांच्या कुल्फीचे इतके, परतीच्या एस.टी.चे इतके. हे बोलणे ऐकून आमच्या नानीने अंगणातल्या लिंबाच्या पारावर बैठक मारली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, "तुमे जाव रे. मेरेकू क्या देखना हय अंदर." आम्ही आग्रह केला. तेव्हा तिने एक प्रश्न विचारला, "दर्गे में जानेकू कोन पैसे लेता रे?"

आम्ही हसलो आणि आत गेलो. आतल्या अंधाऱ्या दालनात बिदरी हुक्के होते, हिमरूच्या शाली होत्या, तांब्याचे बदने होते, कुणाच्या तरी घरातले कुराण होते. ज्या घरांतून या वस्तू आल्या असतील तशाच एका घरातली म्हातारी बाहेर पारावर बसलेली होती. तिचा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या डोक्यातून गेलेला नाही. संग्रहालयाला तिकीट असावे की नसावे, हा वाद विलायतेत दोन-अडीचशे वर्षे चालला आहे. आपल्याकडे तो वाद म्हणून कधी फारसा झालाच नाही. दरपत्रक निघाले, पाटी लागली, लोक रांगेत उभे राहिले. म्हणून हा इतिहास जरा उलगडून पाहावा असे वाटले.

सुरुवात विलायतेपासून करावी लागते. सर हॅन्स स्लोन नावाच्या डॉक्टरने आयुष्यभर जमवलेल्या वस्तू, पुस्तके, नाणी, वाळवलेली झाडे-पाने त्याच्या मृत्यूनंतर राष्ट्राला मिळावीत आणि त्याच्या वारसांना 20,000 पौंड द्यावेत, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले. 1753 साली पार्लमेंटने कायदा करून ब्रिटिश म्युझियम स्थापन केले. पैसा कुठून आणायचा, तर लॉटरी काढून! जगातले पहिले मोठे राष्ट्रीय संग्रहालय जुगाराच्या पैशावर उभे राहिले, हे आमच्या एखाद्या मौलवीसाहेबांना सांगितले तर ते कानाला हात लावतील.

15 जानेवारी 1759 रोजी ते उघडले आणि प्रवेश मोफत ठेवला गेला. या मोफतपणाचे आजही कौतुक होते. पण ते 'मोफत' कसे होते, तेही पाहावे. आधी दारावरच्या माणसाकडे जाऊन वहीत आपले नाव, धंदा आणि पत्ता लिहायचा. मग वरचा अधिकारी ठरवणार की हा माणूस आत सोडण्याच्या लायकीचा आहे की नाही. लायक ठरला तर पुन्हा येऊन तिकीट न्यायचे, आणि तिसऱ्यांदा येऊन पाहायचे. तासाला दहाच तिकिटे. आत गेल्यावर एक माणूस सगळ्यांना दालनांतून हाकत नेणार. 1810 साली हे तिकीट गेले आणि नीटनेटक्या दिसणाऱ्या कुणालाही आठवड्यातले तीन दिवस आत सोडू लागले. रविवारी मात्र दार बंदच. गिरणीतल्या, गोदीतल्या कामगाराला सुट्टी असते ती रविवारी, आणि रविवारी ब्रिटिश म्युझियम उघडू लागले ते 1896 साली. म्हणजे एक छदाम न घेता 137 वर्षे कामगाराला बाहेर ठेवता आले. पैसा न घेणे म्हणजे दार उघडे ठेवणे, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या बाबतीत त्याच शहरातले दुसरे संग्रहालय आम्हाला जास्त शहाणे वाटते. 1857 साली साउथ केन्सिंग्टनला हेन्री कोल याने जे संग्रहालय उघडले (तेच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट झाले), तिथे सोमवार, मंगळवार आणि शनिवार मोफत होते. बाकीचे तीन दिवस अभ्यासकांचे, तेव्हा सहा पेन्स. आणि दिवसभर राबणाऱ्यांसाठी संध्याकाळी गॅसचे दिवे लावून दालने उघडी ठेवली जात. ज्याला शांतता हवी त्याने पैसे मोजावे, ज्याच्याकडे वेळच नाही त्याच्यासाठी दिवा लावावा, असा हा हिशेब होता.

याच संग्रहालयात टिपू सुलतानचा वाघ आहे. लाकडी वाघ, त्याच्या पंजाखाली एक गोरा पडलेला, पोटात बाजाची पेटी. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो आणि गोरा कण्हतो. 1799 साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा तो लुटीत गेला. 1808 पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत तो लोकांना दाखवला जात होता, आणि 1880 साली साउथ केन्सिंग्टनला आला. आज तो पाहायला लंडनकराला एक पैसाही पडत नाही. इकडे श्रीरंगपट्टणला टिपूचा दरिया दौलत बाग पाहायचा तर तिकीट काढावे लागते. लुटलेली वस्तू लुटणाऱ्याच्या नातवाला फुकट, आणि ज्याची लुटली त्याच्या नातवाला, ती गेल्यानंतर उरलेल्या भिंती पाहायलाही पैसे. तिकिटाच्या वादात ही बाजू विलायतेतले लोक सहसा मांडत नाहीत.

विजापूरचीही अशीच गोष्ट आहे. आदिलशाहीच्या पडत्या काळानंतरही तिथल्या आसार महालात एक ग्रंथालय तग धरून होते. याच महालात हजरत पैगंबरांचे पवित्र केस जपलेले आहेत, म्हणून लोकांची ये-जा कधी थांबली नव्हती. तिथली शेकडो अरबी-फारसी हस्तलिखिते इंग्रज अधिकाऱ्यांनी गोळा केली आणि 1853 साली ती लंडनला पोचली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नीट ठेवली आहेत, त्यांची यादी छापली आहे, वाळवीच्या तोंडून वाचली आहेत, हे सगळे मान्य. वाचायलाही शुल्क नाही. फक्त विजापूरच्या विद्यार्थ्याने तिथवर जायचे कसे, एवढाच प्रश्न राहतो. व्हिसाची फी हे त्याच्यापुरते प्रवेशशुल्कच आहे.

आता नानीच्या प्रश्नाकडे येऊ. दर्ग्यात तिकीट का नसते?

याचे उत्तर श्रद्धेत शोधायची गरज नाही, ते जमाखर्चात आहे. कबर, मशीद, सराय, मदरसा बांधताना बांधणारा त्याच्या कायमच्या खर्चाची सोय करून ठेवत असे. एखादे गाव, शेत, दुकानांची रांग त्या वास्तूच्या नावे वक्फ करायची. मूळ मालमत्ता विकायची नाही, उत्पन्न त्याच कामाला लावायचे. याचे सर्वात मोठे उदाहरण ताजमहाल. शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, बादशाहनाम्यात लिहून ठेवले आहे की आग्र्याच्या परिसरातली 30 गावे या रौज्यासाठी वक्फ केली होती. त्यांचे उत्पन्न वर्षाला सुमारे एक लाख रुपये. शिवाय रौज्याच्या दक्षिणेला बाजार आणि सराया होत्या, त्यांचे भाडे वेगळे. या पैशातून डागडुजी करायची, कुराण पढणाऱ्यांचे आणि खिदमतगारांचे पगार द्यायचे, गरिबांना अन्न घालायचे. ताजमहाल हा नुसता संगमरवर नव्हता, तो 30 गावांचा ताळेबंदही होता.

दख्खनमध्येही लहानमोठ्या प्रमाणावर हेच होते. खुल्दाबादच्या दर्ग्यांना गावे होती. औरंगाबादच्या (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीचा संबंध बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याशी. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर जाते फिरायचे आणि फकिरांच्या, यात्रेकरूंच्या लंगरचे पीठ दळले जायचे. आणि हे फक्त मुसलमानांपुरते नव्हते. देवळांना देवस्थान इनाम होते, मठांना होते. चिरागबत्तीचे इनाम हा शब्द आजही जुन्या सातबाऱ्यात सापडतो. दिव्याच्या तेलाची सोय आधी करायची आणि मग दार उघडायचे, अशी ती रीत.

मुंबई इलाख्यात या सोयीला पहिला मोठा धक्का बसला तो इनाम कमिशनचा. 1852 च्या कायद्याने इनामांच्या सनदा तपासायला सुरुवात झाली. ज्यांची कागदपत्रे गहाळ, ज्यांची फारसी सनद वाळवीने खाल्ली, त्यांची जमीन खालसा झाली. तेल संपले तरी इमारती उभ्याच होत्या. पुढे त्यांतल्या काही पुराणवस्तू खात्याच्या ताब्यात गेल्या. 1861 साली कनिंगहॅमच्या नेमणुकीपासून या खात्याची सुरुवात धरतात. 1904 साली कर्झनच्या काळात प्राचीन वास्तूंच्या जतनाचा कायदा झाला, स्वातंत्र्यानंतर 1958 चा कायदा आला. या 1958 च्या कायद्यात एक कलम आहे, त्याचा आशय असा की संरक्षित वास्तूत जनतेला प्रवेशाचा हक्क आहे, मात्र नियमांच्या अधीन राहून.  आम्हाला हा हक्क आवडतो. पण नियम वाढत गेले की हक्क वाक्याच्या टोकाला ढकलला जातो.

2000 सालापर्यंत या खात्याच्या वास्तूंमध्ये शुक्रवारी प्रवेश मोफत असे. हे आज पुष्कळांना आठवत नाही. तिकीट दोन-चार रुपयांचे होते तेव्हाही जुम्म्याला तेवढेही लागत नसे. लाल किल्ला, कुतुबमिनार, ताजमहाल, बीबी का मकबरा, सगळीकडे शुक्रवार हा गोरगरिबांचा दिवस. 2000 च्या ऑक्टोबरात दर बदलले, परदेशी पाहुण्यांना डॉलरचे तिकीट लागले, आणि त्या सुमारास ही शुक्रवारची सवलतही गेली. ताजमहाल तर शुक्रवारी पर्यटकांना बंदच झाला. तो आता त्या दिवशी फक्त स्थानिक नमाजींसाठी उघडतो.

त्यानंतरचे आकडे पाहण्यासारखे आहेत. 2016 च्या एप्रिलपासून जागतिक वारशाच्या वास्तूंना भारतीयांसाठी 30 रुपये आणि बाकीच्यांना 15 झाले. 2018 च्या ऑगस्टात ते 40 आणि 25 झाले. ताजमहालाचे 50 झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचे तर आणखी 200. पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत, ही चांगली गोष्ट. पण 2018 च्या दरपत्रकात एक गंमत होती. रोखीने 40 आणि 25, तर फोनवरून किंवा कार्डाने 35 आणि 20. म्हणजे ज्याच्याकडे खाते आहे, फोन आहे, इंग्रजी वाचता येते, त्याला पाच रुपये सूट. जो कनवटीची नोट काढतो त्याला पाच रुपये जास्त. हेतू गर्दी कमी करण्याचा असेल, पण सूट कुणाला मिळाली ते पाहिले की कपाळाला हात लावावासा वाटतो.

बीबी का मकबऱ्यावर चार शब्द इथे लिहायलाच हवेत. आपल्याकडे त्याला 'गरिबांचा ताज' म्हणायची रीत पडली आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ तो उभा राहिला. दरवाजावरच्या लेखात कारागिरांची नावे आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. एका तवारीखेत खर्चाचा आकडा दिला आहे, 6,68,203 रुपये आणि 7 आणे. आण्यापर्यंतचा हिशेब! ताजच्या मानाने हा खर्च अगदी थोडा, म्हणून तो गरिबांचा ताज. पण ईदेच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या हिरवळीवर जी गर्दी उसळते ती पाहिली की वाटते, हे नाव खर्चावरून पडले असेल, पण खरे ठरले ते माणसांवरून. हातरुमालात बांधलेल्या पुऱ्या, नवे कपडे घातलेली पोरे, बुरखा वर करून फोटो काढून घेणाऱ्या नव्या सुना. यांपैकी कुणीही दिलरस बानूचा इतिहास वाचायला आलेले नसते. तरी त्या वास्तूशी सर्वात जुने नाते यांचेच आहे. 25 रुपये हे त्या नात्याला आड येतात का? एकट्या माणसाला नाही येत. सहा-सात जणांच्या घराला येतात. आणि आमचे लोक एकटे हिंडत नाहीत, हा आमचा दोष मानायचा असेल तर माना.

बरे, हे 25 रुपये जातात कुठे? मकबऱ्याच्या निखळलेल्या चुन्यासाठी ते थेट वापरले जात नाहीत. पुराणवस्तू खात्याच्या तिकिटाचा पैसा देशाच्या संचित निधीत जमा होतो, आणि खात्याला वेगळे अनुदान मिळते. वक्फमध्ये आणि तिकिटात मूळ फरक इथे आहे. त्या 30 गावांचे उत्पन्न ताजला बांधलेले होते. आजचे तिकीट कुणालाच बांधलेले नाही. 'तुम्ही पैसे दिलेत तर इमारत टिकेल' हे वाक्य आपण पाट्यांवर, भाषणांत ऐकतो तेव्हा ते अर्धेच खरे असते.

पण लिहिता लिहिता आमच्या लक्षात आले की आपण एकाच बाजूला फार झुकत चाललो आहोत. वक्फचे गुणगान गाणे सोपे. आमच्या समाजात वक्फच्या जमिनींचे काय झाले हे आम्हाला ठाऊक नाही काय? मुतवल्लींनी भाडी खाल्ली, पुढाऱ्यांनी भूखंड लाटले, दर्ग्याच्या नावाची शेते दुसऱ्यांच्या नावे चढली. दर्ग्यात तिकीट नाही हे खरे, पण उंबरठा ओलांडताच मोरपिसांचा झाडू डोक्यावर येतो आणि हात पुढे होतो. चादरीचे इतके, फुलांचे इतके, दुआचे तुमच्या मर्जीने, पण मर्जी कमी पडली तर चेहरा पाडून. तिकिटाला निदान दर असतो. नजराण्याला तोही नसतो. पाणचक्कीलाही आता दाराशी पैसे घेतात, आणि ती तर वक्फचीच.

त्याहून मोठी गोष्ट बायकांची. मुंबईच्या हाजी अलीच्या दर्ग्यात 2012 च्या सुमारास बायकांना मजारीजवळ जायला बंदी झाली. त्याआधी त्या जात होत्या. मुस्लिम बायकांनीच कोर्टात धाव घेतली. 26 ऑगस्ट 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाविरोधी ठरवली, आणि नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. आता तुलना करा. तिकीट न घेणाऱ्या दारातून नानीला बाहेर ठेवले गेले असते. तिकीट घेणाऱ्या दारातून ती दहा-वीस रुपये टाकून कुणाच्याही बरोबरीने आत गेली असती. तिकिटाला जात, धर्म, लिंग कळत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. ब्रिटिश म्युझियमच्या त्या वहीत नाव लिहून लायकी तपासली जायची, तिथल्यापेक्षा आमची साधी खिडकी जास्त लोकशाहीवादी आहे. नानीच्या प्रश्नाला हे उत्तर आम्ही तिला दिलेले नाही. द्यायला हवे होते.

मुंबईच्या संग्रहालयाची गोष्ट या दोन्ही बाजूंच्या मधली आहे. 1905 च्या नोव्हेंबरात पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला बसवली. इमारत 1915 च्या सुमारास पुरी झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होते. लोकांसाठी दार उघडले ते 10 जानेवारी 1922 रोजी. पैसा कुणी दिला? सरकारने दिला, महापालिकेने दिला, वर्गणी झाली. आणि सर करीमभाई इब्राहिम या खोजा व्यापाऱ्याने तीन लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख! सर रतन टाटा आणि दोराब टाटा यांचे संग्रह पुढे इथेच आले. जॉर्ज विटेटने इमारतीवर जो घुमट चढवला तो विजापूरच्या गोल घुमटाच्या आठवणीने. 1998 साली संग्रहालयाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले. मराठी नाव, दख्खनी घुमट, खोजाचा पैसा आणि पारशाच्या वस्तू, असा हा ऐवज आहे. आमच्या पोरांना तिथे नेताना आम्ही करीमभाईंचे नाव आवर्जून सांगतो. शाळेच्या पुस्तकात ते आढळत नाही.

हे संग्रहालय विश्वस्तांचे आहे. रोजच्या खर्चाला सरकारची बांधील मदत नाही. तिथे तिकीट काढले नाही तर दिवे कसे लागणार, रखवालदाराचा पगार कसा होणार? मुंबईच्या दमट हवेत लघुचित्रे टिकवायची तर रात्रंदिवस यंत्रे चालवावी लागतात. सगळे फुकट करा, असे नुसते ओरडणे म्हणजे अशा संस्थांचा गळा आवळणे. म्हणून आम्ही तसे म्हणत नाही. शिवाय याच संग्रहालयाने 2015 पासून वस्तूंनी भरलेली बस गावोगावी पाठवायला सुरुवात केली. जो येऊ शकत नाही त्याच्या दारी संग्रहालयाने जायचे, ही कल्पना आम्हाला शंभर मोफत दिवसांपेक्षा मोलाची वाटते. तिकिटाइतकीच रिक्षाही महाग असते, हे त्यांना कळलेले दिसते.

हैदराबादचे सालारजंग संग्रहालय तिसऱ्या तऱ्हेचे. मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग, 1949 च्या मार्चमध्ये वारले. लग्न केले नव्हते. हयातभर त्यांनी हस्तिदंत, घड्याळे, हस्तलिखिते, पुतळे, जे मिळेल ते जमवले. 16 डिसेंबर 1951 रोजी त्यांच्याच दिवाण देवडीत पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले. 1958 मध्ये ते केंद्र सरकारकडे आले आणि 1961 साली संसदेने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. 1968 साली मुसा नदीकाठच्या नव्या इमारतीत ते गेले. मराठवाड्यातल्या आमच्या जुन्या पिढीला हैदराबाद हे राजधानीचे गाव. तिथे जाऊन आलेला माणूस दोनच गोष्टी सांगायचा, चारमिनार आणि सालारजंगचे घड्याळ. तास भरला की घड्याळातून बाहुली निघते आणि टोल देते, ते पाहायला आजही लोक अंगणात दाटीने उभे राहतात. नवाबाच्या एकट्याच्या शौकाची वस्तू आता रोज शेकडो लोक मान वर करून पाहतात.

विलायतेत 1974 च्या जानेवारीत हीथ सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांना दहा पेन्सचे तिकीट लावले. सरकार बदलले आणि तीन महिन्यांत ते गेलेही. 1980 नंतर पुन्हा तिकिटे आली. नॅचरल हिस्ट्री म्युझियमने 1987 साली दर लावला आणि भेटी घटल्या. 1 डिसेंबर 2001 पासून सगळी राष्ट्रीय संग्रहालये पुन्हा मोफत झाली, तेव्हा आधी तिकीट असलेल्या ठिकाणी वर्षभरात भेटी दीडपटीहून अधिक झाल्या. पण नंतर पाहणीत असे दिसले की येणाऱ्यांत शिकलेल्या, सुस्थितीतल्या वर्गाचेच प्रमाण मोठे राहिले. तेच लोक जास्त वेळा येऊ लागले. गरीब वाढला, पण त्या मानाने कमी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने 1970 पासून 'मर्जीने द्या' ही पद्धत ठेवली होती, ती 2018 च्या मार्चमध्ये बाहेरगावच्या लोकांसाठी बंद केली आणि 25 डॉलर लावले. श्रीमंत देशांनाही हे कोडे सुटलेले नाही.

आपल्याकडे एक प्रयोग नकळत झाला. स्वातंत्र्याच्या 75 वर्षांनिमित्त 5 ते 15 ऑगस्ट 2022 या काळात पुराणवस्तू खात्याच्या सगळ्या वास्तू मोफत केल्या होत्या. ताजमहालापासून मकबऱ्यापर्यंत सगळीकडे मुंग्यांसारखी माणसे लोटली. वर्तमानपत्रांनी गर्दीचे, चेंगराचेंगरीच्या भीतीचे फोटो छापले. आम्ही त्या फोटोंत वेगळे काही पाहिले. इतकी माणसे शेजारच्याच गल्ल्यांत इतकी वर्षे थांबून राहिली होती.

ताजमहालात असे दरसाल तीन दिवस होते. रज्जब महिन्यात शाहजहानचा उर्स भरतो, तेव्हा तिकीट नसते. तळघरातल्या खऱ्या कबरी, ज्या एरवी कुणाला दिसत नाहीत, त्या उघडतात. आग्र्यातले लोक शेकडो मीटर लांबीची रंगीबेरंगी चादर डोक्यावर तोलत आणतात, तीत सगळ्या धर्मांचे हात असतात. कव्वाली होते. 200 रुपयांच्या वेगळ्या तिकिटाचा चौथरा त्या दिवशी कुणाचाही असतो. तीन दिवस संग्रहालयाचा पुन्हा दर्गा होतो, आणि चौथ्या दिवशी खिडकी उघडते. या व्यवस्थेत आम्हाला खोट दिसत नाही. उलट हेच सगळीकडे का होऊ नये, असे वाटते.

आमचे मागणे एवढेच आहे. तो शुक्रवार परत द्यावा. शुक्रवार नको असेल तर रविवार द्यावा, दुपारनंतर द्यावा, पण आठवड्यातला एक वार पाटीवर लिहून द्यावा. 18 एप्रिल, 18 मे, 19 नोव्हेंबर असे मोफत दिवस जाहीर होतात ते वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाच कळतात. दुसरे असे की ज्या वास्तूचे तिकीट तिचा काही भाग तरी त्याच वास्तूच्या नावे बांधावा, आणि हिशेब दाराशी लावावा, आण्यापर्यंत. आणि आमच्यातल्या पैसेवाल्यांनी मशिदीच्या दुसऱ्या मजल्याबरोबर गावातल्या संग्रहालयाच्या एका दालनाचा, एका दिवसाच्या मोफत प्रवेशाचा खर्च उचलायला काय हरकत आहे? करीमभाईंनी उचलला होता. इल्मसाठी दिलेला पैसा सदका-ए-जारियात धरतात, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो.

पुढच्या वर्षी 18 मे रोजी, संग्रहालय दिनाला, आम्ही नानीला पुन्हा त्याच गावी नेले. खिडकी बंद होती आणि दार उघडे होते. चपला बाहेर काढायच्या नाहीत, हे तिला दोनदा सांगावे लागले. आत ती तलवारींकडे फिरकलीच नाही. तांब्याच्या बदन्यापाशी थांबली, काचेला नाक लावून नळीचा आकार पाहिला, बुडाला पडलेला पोचा पाहिला. असाच एक तिच्या सासरी होता, दुष्काळात मोडीत गेला, असे म्हणाली. मग खालची पाटी आम्हाला वाचायला लावली. 'पाण्याचे भांडे, तांबे, अठरावे-एकोणिसावे शतक.'

"किसके घर का हय, वो नई लिखे?"

आम्ही पाटी पुन्हा वाचली. लिहिलेले नव्हते.